चित्रपटगृहातील दिवे : हातापासून यंत्रापर्यंत

शिवनसमुद्र येथील कावेरीच्या प्रपातावर १९०२ साली निर्माण झालेली वीज प्रथम कोलारच्या सुवर्णखाणींकडे गेली. त्यानंतर तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९०५ रोजी, बेंगळूर नगरीत विजेचे दिवे उजळले. हा इतिहास बेंगळूरकरांना परिचित आहे. परंतु त्याच विजेने जो दिवा चित्रपटगृहात लावला आणि मालवला, त्याची कथा सहसा सांगितली जात नाही.

कीर्तनाला अथवा तमाशाला श्रोत्यांवर अंधार लागत नाही. चित्रपटाला तो लागतोच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली आणि ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. शेकडो अपरिचित माणसांनी अंधारात एकत्र बसावे, ही प्रथा आपल्याकडे अशी रुजली. त्या काळची नायट्रेटची फिल्म अतिशय ज्वालाग्राही होती. म्हणूनच १९१८ च्या चित्रपटविषयक कायद्याने चित्रपटाच्या परीक्षणाबरोबरच चित्रपटगृहाच्या परवान्याचा आणि प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचाही विचार केला.

प्रेक्षागृहातील दिवे दीर्घकाळ ऑपरेटरच्या हाती होते. साउथ परेडवर, म्हणजे आजच्या महात्मा गांधी मार्गावर, १९३६ साली ‘प्लाझा’ सुरू झाले. बोलपटांच्या त्या काळात दोन हजार फुटांचे रीळ सुमारे बावीस मिनिटांत संपे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर उमटणारे ठिपके पाहून ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी आणि मध्यंतर येताच केबिनच्या झरोक्यातून प्रेक्षकांकडे पाहत दिवे वाढवी. दिवा सावकाश मंद करण्यासाठी विद्युत्प्रवाहाच्या मार्गात रोधक तारा घातलेल्या असत. प्रेक्षकांत काही गडबड दिसली, तर तोच हात क्षणार्धात सर्व दिवे लावू शके.

पुढे कार्बनच्या ज्योतीची जागा झेनॉन दिव्याने घेतली, संपूर्ण चित्रपट एकाच मोठ्या आडव्या तबकडीवरून चालू लागला आणि ऑपरेटरचे काम यंत्राकडे आले. फिल्मच्या कडेला धातूच्या पातळ पट्टीचा तुकडा चिकटवीत. तो संवेदकासमोरून गेला की रिले ओढला जाई आणि दिवे मंद होत. डिजिटल प्रक्षेपणात ही पट्टीही गेली. आता सर्व्हरमधील कार्यक्रमसूचीत ‘या क्षणी दिवे वाढवा’ अशी आज्ञा नोंदवितात. कोरमंगल येथील फोरम मॉलमध्ये २००४ साली उघडलेल्या अकरा पडद्यांच्या चित्रपटगृहासारख्या ठिकाणी प्रत्येक पडद्यामागे स्वतंत्र माणूस उभा करणे व्यवहार्य नसते.

सोय वाढली, तशी बिघाडाची स्थानेही वाढली. मध्यंतर झाले तरी दिवे लागत नाहीत, किंवा ऐन प्रसंगात सभागृह उजळते, असे घडले की जाणता तंत्रज्ञ उलट्या क्रमाने शोध घेतो. प्रथम भिंतीवरील हाताचे बटण दाबून पाहावे. दिवे लागले, तर दिवे व डिमर शाबूत असून दोष आज्ञेच्या मार्गात आहे. मग रिले ओढला जातो काय, तारांचे सांधे सैल झाले आहेत काय, हे पाहावे. शेवटी सूची तपासावी. परदेशी चित्रपटात बहुधा मध्यंतर नसते. ते आपल्याकडे कोणीतरी हाताने घातलेले असते, आणि त्या जागी दिव्यांची आज्ञा घालायची राहून जाते. जुन्या डिमरवर नवे एलईडी दिवे बसविले असतील, तर अत्यल्प भारामुळे ते लुकलुकतात अथवा एकाएकी विझतात. तेथे सूची कितीही तपासली तरी व्यर्थ.

येथवरचा प्रश्न केवळ गैरसोयीचा आहे. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तो जीवनमरणाचा झाला. तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला लागलेल्या आगीचा धूर वर चढला, वीज गेली, आणीबाणीचे दिवे लागले नाहीत. ५९ जीव गेले. बाहेर पडण्याचा मार्ग दाखविणारा दिवा कोणत्याही स्वयंचलित सूचीवर अवलंबून असता कामा नये, हाच त्याचा बोध. त्याला स्वतंत्र तारा व स्वतंत्र बॅटरी हवी. आगीची सूचना मिळताच चित्रपट थांबून सर्व दिवे लागले पाहिजेत. आणि ही व्यवस्था वेळोवेळी मुख्य वीज बंद करून पाहिली पाहिजे. केवळ कागदावर खूण करून नव्हे.

‘प्लाझा’ मेट्रोच्या कामात नामशेष झाले. ब्रिगेड रोडवरील ‘रेक्स’ २०१८ च्या अखेरीस बंद पडले. झरोक्यातून पाहणारा ऑपरेटरही दुर्मिळ झाला. आपल्यासारख्या मंडळांना नाटक-चित्रपटांसाठी सभागृहे भाड्याने घ्यावी लागतात. तेव्हा कार्यकर्त्यांनी भाड्याची आणि खुर्च्यांची चौकशी करतानाच आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : दिव्यांचे हाताचे बटण कोठे आहे, आणि खेळाच्या वेळी त्याच्याजवळ कोण उभे असेल?