बटण दाबलं, पण गाडीने एकच डोळा उघडला! पॉप-अप हेडलाइटची मोटर का बिघडते आणि दुरुस्त कशी होते?

डोळा मारणाऱ्या गाडीचं रील तुम्ही एकदा तरी पाहिलं असेल. छोटीशी लाल माझदा मियाटा समोर उभी असते, एक हेडलाइट वर येतो, पुन्हा खाली जातो. खाली कमेंटमध्ये हार्टचा पाऊस.

पण हीच गोष्ट मालकाने न सांगता घडली तर? रात्री लाइटचं बटण दाबलं, एक दिवा वर आला आणि दुसरा बॉनेटमध्येच झोपून राहिला. आतून फक्त घर्रर्र असा आवाज. मग ते क्यूट वगैरे राहत नाही, कारण दिवा झाकलेला म्हणजे रस्त्याची अर्धी बाजू अंधारात.

मुळात दिवे लपवायचे कशाला?

१९३६ साली अमेरिकेत कॉर्ड ८१० नावाची गाडी आली. तिचे हेडलाइट पुढच्या मडगार्डमध्ये लपायचे आणि ते वर आणायला ड्रायव्हरला चक्क हाताने हँडल फिरवावं लागायचं. पुढे १९४० पासून अमेरिकेत हेडलाइटचा आकार ठरवून दिला गेला. ठरलेला गोल, सीलबंद दिवा, तोही जमिनीपासून ठराविक उंचीवर. आता स्पोर्ट्स कारचं नाक तर बसकं हवं. मग डिझायनर लोकांनी मधला मार्ग काढला, हवा तेव्हा दिवा वर, नको तेव्हा आत. शेवरोले कॉर्व्हेटने १९६३ मध्ये हे सुरू केलं आणि २००४ पर्यंत सोडलं नाही. त्याच वर्षी लोटस एस्प्रीही बंद झाली आणि मोठ्या उत्पादनातल्या गाड्यांमधून हा प्रकार संपला.

म्हणजे आज रस्त्यावर असलेली या प्रकारची जवळपास प्रत्येक मोटर किमान वीस वर्षं जुनी आहे. बिघाडाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

खरा गुन्हेगार कोण?

१९९७ ते २००४ मधल्या कॉर्व्हेटचं, म्हणजे सी-५ चं उदाहरण घेऊ, कारण हा आजार तिच्या मालकांना पाठ झालाय. तिच्यात प्रत्येक हेडलाइटला स्वतंत्र मोटर असते. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात, त्याला वर्म म्हणतात. तो आडव्या गिअरला फिरवतो आणि गिअर दिव्याला वर ढकलतो. गंमत म्हणजे वर्म धातूचा आणि गिअर प्लास्टिकचा.

दिवा पूर्ण वर पोचला की पुढे जायला जागा नसते. मोटर अडते, जास्त करंट ओढते आणि कंट्रोल मॉड्यूल तो वाढलेला करंट ओळखून वीज तोडतं. म्हणजे दर वेळी मोटर अडेपर्यंत ढकलते आणि तो सगळा ताण गिअरच्या त्याच त्या चार-दोन दात्यांवर येतो. वर्षानुवर्षं हे चाललं की दाते झिजतात, मग तुटतात. आता मोटर अडतच नाही, करंट वाढत नाही. दिवा वर येऊनही ती काही सेकंद घरघरत राहते, मग ठरलेली वेळ संपली की मॉड्यूल तिला थांबवतं. दाते आणखी गेले की दिवा हलतही नाही.

त्यामुळे मोटर जळाली असं समजून अख्खी मोटर बदलणं हा बहुतेक वेळा पैशाचा चुराडा आहे. मोटर ठणठणीत असते, गिअर गेलेला असतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरच्या कॉर्व्हेट आणि पॉन्टिअॅक फायरबर्डमध्ये भानगड थोडी वेगळी. तिथे गिअरच्या पोटात धक्का झेलायला प्लास्टिकच्या तीन छोट्या गोळ्या असतात. त्यांचा कालांतराने अक्षरशः भुगा होतो. त्या तीन गोळ्या बदलल्या की काम झालं.

आवाज ऐका, मग पाना उचला

मोटर फिरते पण दिवा हलत नाही, तर गिअर किंवा गोळ्या. आवाजच नाही, तर आधी फ्युज, मग रिले, मग गंजलेलं कनेक्शन बघायचं. मोटरच्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावायचा. वीज पोचत असूनही मोटर गप्प असेल, तरच आतले कार्बन झिजल्याचा संशय घ्यायचा.

वाटेतच दिवा अडकला तर मोटरवर हाताने फिरवायचा नॉब असतो. मियाटामध्ये तो रबरी टोपीखाली असतो. नॉब फिरवून दिवा वर आणायचा आणि घर गाठायचं. पण नॉबला हात लावण्याआधी लाइट बंद करा आणि मोटरची वीज तोडा. मोटर अचानक सुरू झाली तर बोट सापडतं.

मोटर उघडल्यावर

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. दिव्याला जोडणारा दांडा काढण्याआधी त्याच्या जागेवर मार्करने खूण करायची. ही खूण राहिली की बसवताना दिवा वाकडा उभा राहतो आणि पुन्हा सगळं खोलावं लागतं. मग मोटर काढून झाकण उघडायचं. आत जुनं, कडक झालेलं ग्रीस आणि त्यात प्लास्टिकचा चुरा दिसेल. तो सगळा पुसून काढायचा. एक जरी कण राहिला तर तो नव्या दात्यांत अडकतो.

काही जण जुनाच गिअर फिरवून बसवतात, म्हणजे न झिजलेले दाते वर्मसमोर येतात. तात्पुरता जुगाड म्हणून ठीक. कायमचा उपाय म्हणजे बाजारात मिळणारा पितळी गिअर. मात्र प्लास्टिकचा गिअर स्वतः तुटून बाकीचे भाग वाचवतो, पितळ तसं करत नाही. थंड प्रदेशात दिवा बर्फाने चिकटला असेल तर आधी बर्फ काढा, मगच बटण दाबा.

नवा गिअर, नवं ग्रीस, झाकण बंद. सगळे बोल्ट आवळण्याआधी दिवा दोन-तीनदा वर-खाली करून बघायचा. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोत एका उंचीवर पडतात का तेही तपासायचं. आणि एका बाजूचा गिअर गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे, हत्यारं बाहेर आहेत तोवर तोही उघडून बघा.