‘स्ट्रायेटेड’ म्हणजे काय? एका शब्दाची गोष्ट

कराडकडचे एक ऊस बागायतदार वडिलांचा एमआरआय रिपोर्ट घेऊन आले. ‘कॉर्पस स्ट्रायेटम’ या शब्दाखाली त्यांनी पेनाने रेघ मारली होती. “डॉक्टरसाहेब, मेंदूला चरे पडलेत का?”

मी विचारले, “उसाची लागण करताना आधी काय पाडता?”

“सरी.”

“मग हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे.”

लॅटिनमध्ये ‘स्ट्रिया’ म्हणजे चर, सरी. स्ट्रायेटेड म्हणजे खाचांचा किंवा पट्ट्यापट्ट्यांचा. इंग्लंडचे डॉ. थॉमस विलिस यांनी १६६४ च्या ग्रंथात मेंदूच्या एका खोल भागाला हे नाव दिले. तिथल्या करड्या भागातून पांढरे तंतू जातात, म्हणून तो पट्टेदार दिसतो. तो प्रत्येकाच्या मेंदूत असतो. हालचालींवर ताबा ठेवायला तो मदत करतो. ते फक्त अवयवाचे नाव होते, आजाराचे नव्हे.

शाळेत शिकलेले ‘पट्टकी स्नायू’ आठवतात? तेही स्ट्रायेटेडच. १८४० मध्ये विल्यम बोमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आडव्या पट्ट्यांचे बारकाईने वर्णन केले. पण हे पट्टे कशासाठी, हे कळायला १९५४ साल उजाडले. स्नायूतले बारीक तंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. पट्टे म्हणजे त्या तंतूंची शिस्तीत लावलेली रांग.

त्वचेवरचे पट्टे, म्हणजे ‘स्ट्राया’, मात्र नीट पाहावे लागतात. गरोदरपणात पोटावर किंवा वयात येताना मांड्यांवर पडणारे पट्टे निरुपद्रवी असतात. पण रुंद, जांभळट पट्टे, गोल झालेला चेहरा, वाढलेले बीपी आणि शुगर ही लक्षणे शरीरात स्टिरॉइड जास्त झाल्याची असू शकतात. १९३२ मध्ये हार्वे कुशिंग यांनी याच आजाराचे वर्णन केले. आज याचे सर्वात मोठे कारण बाहेरून घेतलेले स्टिरॉइड हेच आहे. सांधेदुखीसाठी कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्यांत ते असू शकते. नायट्यावर मनाने लावलेल्या मलमात स्टिरॉइड असेल, तर जांघेत पट्टे पडतात. ते पुढे फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत.

असे पट्टे दिसले तर घेत असलेली सगळी औषधे, पुड्या आणि मलमे सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नका. ते जिवावर बेतू शकते.

रिपोर्टातला अवघड शब्द म्हणजे आजार असे नाही. घाबरण्याआधी त्याचा अर्थ विचारा.