पान आपलं, जागा कुणाची?

विक्स, स्क्वेअरस्पेस, वर्डप्रेस अशा साधनांची कुळकथा सहसा एका ठरलेल्या चालीवर सांगितली जाते. आधी वेबसाइट हे जाणकारांचं काम होतं, ते हाताने कोड लिहीत. मग कंपन्यांनी माउसने उचलून ठेवण्याची सोय काढली, आणि चित्रकार, छायाचित्रकार, नुकते पदवीधर झालेले वास्तुरचनाकार असे कुणीही आपलं काम मांडणारी साइट स्वतः बनवू लागले. गोष्ट सुटसुटीत आहे, पण कालक्रम लावला की ती उलटी पडते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९० च्या अखेरीस नेक्स्ट संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला, तो वाचण्यासाठी होता तितकाच लिहिण्यासाठीही होता. त्यात कोड समोर येतच नसे. ज्या पानाकडे न्यायचं ते उघडून मेनूतून त्यावर खूण करायची, मग आपल्या पानावर येऊन हवे ते शब्द निवडायचे आणि ‘लिंक टू मार्क्ड’ म्हणायचं, दुवा तयार. खुणांच्या कंसात अडकलेलं एचटीएमएल हे यंत्राने आपल्यापुरतं ठेवायचं लिखाण आहे, माणसाने ते हाताने लिहीत बसावं अशी मूळ कल्पना नव्हती. कोडशिवाय पान बनवणं ही वेबची पहिली अवस्था आहे. शेवटची म्हणून आपण जी मिरवतो, ती खरं तर परत मिळालेली सोय आहे.

मात्र त्या पहिल्या संपादकात एक उणीव होती, आणि माझ्या मते पुढचा सगळा इतिहास त्या उणिवेतून निघतो. पान लिहिता येई, पण जतन करता येई ते फक्त आपल्या आवाक्यातल्या डिस्कवर. दूरच्या सर्व्हरवर ते नेऊन ठेवण्याची व्यवस्था त्या वेळच्या एचटीटीपीत नव्हती. सर्नमध्ये बसून काम करणाऱ्याला याचा त्रास नव्हता, कारण सर्व्हर हाताशीच होता. बाहेरच्यांपुढे मात्र एकाची दोन कामं झाली: पान बनवणं आणि पानाला जागा मिळवणं. नेक्स्टवर मजकूर-संपादनाचे सुटे भाग तयार मिळत. इतर संगणकांवर ते मुळापासून लिहावे लागले असते. म्हणून निकोला पेलो यांचा सगळीकडे चालणारा ‘लाइन मोड’ ब्राउझर फक्त वाचण्यापुरता राहिला, आणि १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांचा मोझेक बाहेर पडला तोही तसाच. जगाने वेब ओळखली ती मोझेकमुळे. त्यामुळे वेब म्हणजे पाहायची वस्तू, हा समज तिथेच पक्का झाला.

माझं म्हणणं असं की नवशिक्यांच्या साधनांचा खरा शोध माउसने चौकटी सरकवण्यात नाही. तो या दोन कामांची पुन्हा मोट बांधण्यात आहे. सोपेपणा तिथूनच आला आणि परावलंबनही तिथूनच आलं. पहिल्या वैयक्तिक पानांकडे पाहिलं की हे ध्यानात येतं. ती निघाली विद्यापीठांतून, आणि त्यांच्या पत्त्यात नावाआधी एक नागमोडी रेघ असे. युनिक्समध्ये ती रेघ ‘माझं घर’ या अर्थाने वापरली जाते. कारण अगदीच किरकोळ आहे: एडीएम-३ए नावाच्या जुन्या टर्मिनलवर ‘होम’ आणि ही रेघ एकाच कळीवर छापलेली होती. सर्व्हर लावणाऱ्याने परवानगी दिली की विद्यार्थ्याने आपल्या घरात ‘पब्लिक_एचटीएमएल’ नावाचा फोल्डर करायचा, त्यात फाइल ठेवायची, फाइल इतरांना वाचता येईल अशी मुभा द्यायची आणि झालं. १९९४ मध्ये स्वार्थमोर कॉलेजातला जस्टिन हॉल स्वतःबद्दल जे मोकळेपणाने लिहू लागला, ते अशाच वातावरणात. एचटीएमएल तेव्हा हातानेच लिहीत, तरी कुणी कुरकुरत नसे. शेजाऱ्याच्या पानाचा ‘सोर्स’ उघडायचा, उतरवून घ्यायचा, नावं बदलायची. जागेचा प्रश्न विद्यापीठाने सोडवलेला होता, म्हणून उरलेलं काम हलकं वाटत होतं.

याचा पडताळा लगेचच्या वर्षांत मिळतो. अडचण खरोखर कोडची असती, तर ती १९९५ ते ९७ या काळात मिटायला हवी होती. अडोबीचं पेजमिल १९९५ मध्ये आलं. त्यात चित्र उचलून पानावर टाकता येत होतं. व्हर्मीर या छोट्या कंपनीचं फ्रंटपेज मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या सुरुवातीला विकत घेतलं. १९९७ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर आलं. तिन्हींत पान दिसेल तसं मांडता येई. तरीही नवखा माणूस अडायचा तो पान तयार झाल्यावर: होस्टिंग कुठे घ्यायचं, एफटीपीने फाइली कुठल्या फोल्डरात चढवायच्या, आपल्या संगणकावर दिसणारं चित्र वेबवर का दिसत नाही. डोमेनचं नाव सप्टेंबर १९९५ पर्यंत फुकट मिळे. मग वर्षाला ५० डॉलर पडू लागले. फ्रंटपेजने दुखणं ओळखलं होतं, म्हणून त्याने ‘पब्लिश’चं बटण दिलं. पण ते बटण आणि पानावरचा भेटींचा आकडा चालायचा तर सर्व्हरवर फ्रंटपेजचीच ‘एक्स्टेन्शन्स’ बसवलेली लागत. सोय हवी तर आमच्या जागेवर या, ही अट तेव्हापासूनची आहे. ड्रीमवीव्हरने उलट वाट धरली, जागेचं काम वापरणाऱ्यावर सोडलं, आणि ते धंदेवाईकांचं हत्यार झालं.

दोन्ही कामं पहिल्यांदा एका हाती आली ती जिओसिटीजमध्ये. डेव्हिड बोहनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ मध्ये ‘बेव्हर्ली हिल्स इंटरनेट’ या नावाने ती सुरू केली, आणि कल्पना फार हुशारीची होती. नुसती फुकट जागा न देता त्यांनी वस्त्या आखल्या. संगणकवाल्यांची ‘सिलिकॉन व्हॅली’, सिनेमावाल्यांची ‘हॉलीवूड’, विज्ञानकथा आणि उडत्या तबकड्यांच्या नादी लागलेल्यांची ‘एरिया ५१’. तुमच्या पानाचा पत्ता म्हणजे वस्तीचं नाव आणि घर क्रमांक. फॉर्म भरून पान उभं राही. एफटीपी माहीत नसलं तरी चाले. लखलखती पार्श्वभूमी, हलणारी चित्रं आणि ‘बांधकाम चालू आहे’ची पाटी यांची पुढे खूप टर उडवली गेली, ती मला अस्थानी वाटते, कारण आपलं पान म्हणून काहीतरी उभं करण्याची ती लाखो लोकांची पहिलीच खेप होती. १९९९ मध्ये याहूने सुमारे साडेतीन अब्ज डॉलरच्या समभागांत जिओसिटीज घेतली, आणि जागा कुणाची हे त्याच वर्षी जूनमध्ये कळलं. नव्या अटींमध्ये पानांवरच्या मजकुरावर याहूने इतके व्यापक हक्क सांगितले की रहिवाशांनी निषेध म्हणून आपली पानं ओस पाडली. याहूला माघार घ्यावी लागली. दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, अमेरिकेतली सेवा बंद झाली. तेव्हा भांडायला फारसं कुणी उरलं नव्हतं. आज त्यातली जी पानं पाहता येतात ती आर्काइव्ह टीमचे स्वयंसेवक आणि इंटरनेट आर्काइव्ह यांनी आयत्या वेळी उतरवून घेतली म्हणून.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: मग लोकांनी थोडं एचटीएमएल शिकून घ्यावं की! आक्षेप घेणारे विसरतात की एचटीएमएल हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. आठवडाभरात कामापुरतं येतं. ज्याची धास्ती बसते ते डोमेनचं नाव सर्व्हरकडे वळवणं, सुरक्षेचं प्रमाणपत्र लावणं, फाइलींच्या परवानग्या, मोबाइलवर मोडणारी मांडणी. शिवाय ज्याचा धंदा शिल्पकलेचा किंवा वस्त्ररचनेचा आहे, त्याने हे शिकण्यात महिने का घालवावेत? म्हणूनच २००३ नंतर जी साधनं टिकली त्यांनी पान आणि जागा एकत्रच विकली. मेरीलँड विद्यापीठात शिकत असताना अँथनी कसालेना यांनी स्क्वेअरस्पेस लिहायला घेतलं, २००६ मध्ये तेल अवीवमध्ये विक्स आणि अमेरिकेत वीब्ली निघालं. विक्स आधी हलत्या चित्रांच्या फ्लॅश या तंत्रावर उभं होतं. कामाचे नमुने मांडणाऱ्यांना फ्लॅश तेव्हा फार आवडे, चित्रं सरकत येत, मिटत जात. पण आयफोनने फ्लॅश घेतलंच नाही, आणि २०१२ मध्ये विक्स एचटीएमएल५ वर गेलं. नवा संपादक कंपनीने दिला, वापरणाऱ्याला एचटीएमएल५ शिकावं लागलं नाही. स्वतःच्या हाताने फ्लॅशमध्ये साइट बांधलेल्या कलावंतांची मेहनत मात्र फ्लॅशबरोबरच निकालात निघाली. एकत्र विकण्यातला फायदा इथे नाकारता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भाड्याच्या घरात लोक आयुष्यं काढतात. पोर्टफोलिओ तर नोकरी किंवा पुढचं काम मिळेपर्यंतचा, मग मालकीचा एवढा अट्टहास कशाला? आणि स्वतःची साइट तरी कशाला, कामाचे नमुने मांडायला बिहान्ससारखं संकेतस्थळ आहेच. हे बरंचसं मान्य करावं लागतं. फक्त भाडेकरार कशाचा आहे ते पाहायला हवं, कारण सगळ्या जागा सारख्या नाहीत. वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी मुक्त स्रोत म्हणून बाहेर काढलं. त्यातला मजकूर एका फाइलीत काढून दुसऱ्या होस्टकडे नेता येतो. स्क्वेअरस्पेसमधून काही भाग नेता येतो, मांडणी मागे राहते. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवता येत नाही. २००८ मध्ये आलेल्या गिटहब पेजेसने मोट पुन्हा सोडली: फाइली तुमच्या, जागा फुकट, उद्या दुसरीकडे न्या. पण त्यासाठी सुरुवातीला फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट यावं लागे, म्हणून ते प्रोग्रामरांच्या पोर्टफोलिओपलीकडे फारसं गेलं नाही. या सगळ्यांत जी एक गोष्ट दरवेळी बरोबर नेता येते ती स्वतःच्या नावाचं डोमेन, आणि नवखे नेमके तिथेच पैसे वाचवतात. पान मोडलं तर पुन्हा बांधता येतं. छापून वाटलेला पत्ता कंपनीच्या नावाने असेल, तर कंपनी सोडताना तो तिथेच राहतो.

मराठीत पान बांधणाऱ्यांपुढे या दोन कामांच्या जोडीला तिसरंही होतं. नव्वदच्या दशकात देवनागरी पान तयार होई, त्याला जागाही मिळे, पण वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसला की त्याला रोमन अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोड आणि विंडोज २००० सोबत आलेला, र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ यांनी तो प्रश्न बराचसा सोडवला. पुढे गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचे ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे टाइप फुकट मिळू लागले. तरीही तयार साच्यांत देवनागरी पाहुणीच आहे. इंग्रजी शीर्षकं ऐटबाज दिसावीत म्हणून साच्यात अक्षरांमध्ये अंतर टाकलेलं असतं. त्याच जागी मराठी नाव लिहिलं की शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं लोंबकळतं. ओळींमधलं अंतर रोमन मापाने बेतलेलं असल्यामुळे वेलांट्या आणि उकार वरच्या-खालच्या ओळींना भिडतात. उपाय सीएसएसच्या एका ओळीचा आहे, अक्षरांतर शून्य करायचं. पण ती ओळ लिहू द्यायची की नाही हे जागेचा मालक ठरवतो: वर्डप्रेससाठी तयार जागा देणाऱ्या वर्डप्रेस डॉट कॉमवर सीएसएस बदलण्याची मुभा बराच काळ फक्त पैसे भरणाऱ्यांनाच होती.