पवनार

पवनार : वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे प्राचीन गाव. वर्धा शहराच्या ईशान्येस सुमारे ८ किमी., नागपूर–वर्धा रस्त्यावर. आर्वीकडच्या डोंगराळ भागातून येणारी धाम इथे काळ्या पाषाणाचे पात्र कापत जाते, पुढे वणेला मिळते आणि वणा वर्धेला. पावसाळ्यात पुलाखालून गढूळ लोंढा वाहतो. उन्हाळ्यात खडक उघडे पडतात आणि डोहांत तेवढे पाणी उरते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या जिल्ह्याला पाण्याकाठचे देखणे स्थळ म्हणून दाखवावे असे हे गाव आहे. एका तीरावर जुनी वस्ती व गढीचे अवशेष, दुसऱ्या तीरावर विनोबा भावे यांचा परंधाम आश्रम आणि नदीपात्रात गांधीजींच्या अस्थिविसर्जनाची स्मारकछत्री, अशी त्याची मांडणी आहे. गावाची दंतकथा पवनराजाची. त्याच्याजवळ परीस होता. साऱ्यापोटी तो शेतकऱ्यांकडून नांगराचे फाळ घेई आणि त्यांचे सोने करी. कापूस पिकवणाऱ्या मुलखाने आपल्या राजाबद्दल सांगावी अशीच ही गोष्ट आहे.

पवनारची ओळख बहुतेक ग्रंथांत ‘वाकाटकांची राजधानी प्रवरपूर’ अशी दिलेली असते. ही ओळख सिद्ध मानून नोंदीच्या शिरावर ठेवणे यापुढे योग्य नाही. पवनार हे विदर्भातील वाकाटक राजघराण्याच्या काळातील महत्त्वाचे ठिकाण होते हे निर्विवाद आहे. ते प्रवरपूर होते हे मात्र अनुमान आहे. ही दोन विधाने वेगळी ठेवली पाहिजेत. अनुमान मांडले ते वा. वि. मिराशी यांनी. वाकाटकांचा विस्कळीत इतिहास त्यांनी ताम्रपट एकेक करून वाचत उभा केला. दुसऱ्या प्रवरसेनाच्या (पाचव्या शतकाचा पूर्वार्ध) राज्यकाळातील ११व्या वर्षीचा बेलोरा ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे, तर १८व्या वर्षीचा चम्मक ताम्रपट प्रवरपूरहून. म्हणजे, मिराशींच्या मते, मधल्या काळात राजाने स्वतःच्या नावाचे नवे नगर वसवून राजधानी तिकडे हलवली. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, यावर फारसा वाद नाही. प्रवरपूरसाठी मिराशींनी पवनार सुचवले. नावातील साम्य, नदीकाठची जुनी विस्तीर्ण वस्ती आणि तिथे सापडलेली शिल्पे हे त्यांचे तीन आधार होते.

तिन्ही आधारांचे वजन सारखे नाही. नावातील साम्य सर्वांत हलके. प्रवरपूर या नावाचे दुसरे नगर काश्मीरच्या प्रवरसेनानेही वसवले होते, आणि त्याच जागी पुढे श्रीनगर वाढले. राजाच्या नावावरून पडलेले नाव एकाच जागेचे असते असे नाही, आणि ते झिजून नेमके ‘पवनार’ व्हावे असा नियमही नाही. वस्तीच्या जुनेपणाला मात्र प्रत्यक्ष पुरावा आहे. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये इथे उत्खनन केले. त्यात इसवी सनापूर्वीच्या काळापासून मध्ययुगापर्यंत वस्तीचे थर एकावर एक मिळाले. यावरून नदीकाठी माणूस दीर्घकाळ टिकून राहिला, हे कळते; तिथे राजवाडा होता, हे कळत नाही. शतकानुशतके चालत आलेल्या गावात वाकाटक थर सापडणे स्वाभाविकच आहे. तो सापडला म्हणून राजधानी सापडली, असे म्हणणे म्हणजे पुराव्याकडून त्याच्या मगदुराबाहेरचे वदवून घेणे होय.

खरा भार शिल्पांवर पडतो, आणि ती तो पेलण्याच्या तोलाची आहेत. विनोबा १९३८ मध्ये प्रकृती खालावल्यामुळे जमनालाल बजाजांच्या पवनारच्या बंगल्यात राहायला आले. तिथे शेतीसाठी जमीन खोदताना मूर्ती व शिल्पफलक निघू लागले. त्यांतील एका फलकात विनोबांना भरत-रामाची भेट दिसली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये गीतेवर बोलताना याच प्रसंगाचे चित्र कुणीतरी काढावे असे ते म्हणाले होते. म्हणून हा फलक त्यांनी पूजेत ठेवला. आश्रमातले भरत-राम मंदिर ते हेच. मकरावर उभी गंगा आणि इतर फलक आश्रमाच्या आवारात जपलेले आहेत. मिराशींनी या फलकांत वाली-सुग्रीव युद्धासह रामकथेची मालिका वाचली. प्रवरसेनाने आई प्रभावतीगुप्तेसाठी इथे रामचंद्राचे मंदिर बांधले असावे, असा त्यांचा तर्क होता. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, विष्णुभक्त, आणि रामगिरीच्या (रामटेकच्या) स्वामीच्या चरणांपासून दान देणारी. शिवाय ‘सेतुबंध’ हे माहाराष्ट्री प्राकृतातले रामकथेवरील महाकाव्य याच प्रवरसेनाचे मानले जाते. त्यात समुद्राचे वर्णन मोठ्या हौसेने आले आहे. ज्याच्या राज्याच्या गाभ्यातल्या नद्यांना समुद्र गाठायला लांबच लांब वाहत जावे लागते, त्या राजाच्या नावे सागराचे काव्य असावे ही विदर्भाच्या साहित्येतिहासातली विलक्षण गोष्ट आहे. काव्य, राजमाता आणि शिल्पे यांची ही जुळणी सुंदर आहे, आणि म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी. काही फलकांच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. सगळे फलक रामकथेचे धरले तरी त्यांवरून इथे एक उत्तम मंदिर होते एवढेच ठरते. उत्तम मंदिरे राजधानीबाहेरही बांधली जात. रामगिरीचीच देवळे त्याची साक्ष आहेत.

उलट बाजूचा पुरावा १९९७–९८ नंतर पुढे आला. रामटेकजवळ मनसर येथे जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी केलेल्या उत्खननात हिडिंबा टेकडीवर विटांच्या भव्य मंदिराचे अवशेष आणि परिसरात मोठे बांधकाम उघडे झाले. ‘प्रवरपूर’ हे नाव असलेली मातीची मुद्राही मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. प्रवरेश्वराच्या देवकुलाचा उल्लेख याच राजाच्या ताम्रपटांत येतो. ते देवकुल म्हणजे हिडिंबा टेकडी, असे मत डच अभ्यासक हान्स बाकर यांनी मांडले. यावर पवनारच्या बाजूने दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, मातीची मुद्रा पत्राबरोबर किंवा मालाच्या बांधणीबरोबर प्रवास करते. ती जिथे सापडते ते पाठवणाऱ्याचे नव्हे, तर घेणाऱ्याचे गाव असू शकते. हे खरे आहे, आणि केवळ मुद्रेवर मनसरचा दावा उभा असता तर तो पडला असता. पण तिथे मुद्रेला बांधकामाचा आणि ताम्रपटातल्या देवळाचा जोड आहे. दुसरा आक्षेप असा की, मनसर नगरधनच्या इतके जवळ आहे की राजधानी ‘हलवली’ असे म्हणण्याला अर्थच राहत नाही. परंतु ताम्रपट स्थलांतराची कथा सांगत नाहीत; ते फक्त दान कुठून दिले हे सांगतात. जुन्या गावाशेजारी स्वतःच्या नावाचे देऊळ आणि नगर उभारून राजाने आपले पत्ते बदलले असतील, तर नंदिवर्धन न सोडताही ताम्रपटांतले नाव बदलेल. आज हाती असलेल्या पुराव्याचे पारडे मनसरकडे झुकते. पवनारचा दावा खोटा ठरलेला नाही, पण तो आता मागे पडला आहे.

राजधानीचा मान गेला तर गावाचे काय उरते, असे विचारले जाते. पुष्कळ उरते. शिल्पांचे मोल ती कोणत्या नगरात होती यावर अवलंबून नाही. वाकाटक कलेचा विचार पवनार वगळून करता येत नाही. मोगल काळात वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारला याच गावाचे नाव होते आणि ते आईन-इ-अकबरीत नोंदलेले आहे. नागपूरकर भोसल्यांनंतर, इंग्रजी अमलात १८६२ मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर आखले गेले. तेव्हापासून पवनारचे प्रशासकीय महत्त्व संपले. मग विसाव्या शतकात ते पुन्हा देशाच्या नकाशावर आले. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी युद्धविरोधी भाषण केले ते इथेच. पैशाच्या व्यवहारातून मुक्तीचा, बैलाविना हाताने शेतीचा प्रयोगही इथलाच. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये भूदानासाठी दिल्लीकडे निघालेली त्यांची पदयात्रा याच आश्रमातून निघाली. १९५९ मध्ये स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तिथले निर्णय सर्वसंमतीने होतात. १९७० नंतर विनोबा इथेच स्थिरावले आणि अन्न, पाणी व औषध सोडून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी देह ठेवला. दरवर्षी १२ फेब्रुवारीला, गांधीजींच्या अस्थिविसर्जनाच्या दिवशी, धामेच्या काठी सर्वोदय मेळा भरतो.

कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिके. बाजारपेठा वर्धा व सेलू. नागपूर सुमारे ७० किमी.; जवळची रेल्वेस्थानके सेवाग्राम (पूर्वीचे वर्धा पूर्व) व वर्धा.