गाण्याला चेहरा देताना : प्रस्तावना

नवे गाणे हल्ली कानाच्या आधी डोळ्यांना भेटते. फोनच्या पडद्यावर बोटाच्या पेराएवढा एक चौकोन दिसतो, त्यातला रंग किंवा चेहरा खुणावतो, आपण बोट टेकवतो आणि मग सूर सुरू होतो. तो चौकोन म्हणजे गाण्याचे कव्हर. पुढे दिसतो तो व्हिडिओ, ज्याला आपल्याकडे गावोगाव 'अल्बम साँग' म्हणतात. विद्यार्थ्यांनी एखाद्या गाण्याचा व्हिडिओ करायचा आणि त्याच गाण्याचे कव्हर, पोस्टर, जाहिरातही स्वतःच घडवायची, हा या पुस्तकाचा विषय आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर अशा गावांतल्या महाविद्यालयांत शिकणारी, अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी तालमी करणारी, सुटीच्या दिवशी फोन घेऊन शेतात रील काढणारी मुले-मुली समोर ठेवून ते लिहिले आहे.

माझे म्हणणे एकच आहे आणि पुढची सगळी प्रकरणे त्याभोवती फिरतात. व्हिडिओ आणि कव्हर ही दोन वेगळी कामे नाहीत. दोन्ही एकाच ऐकण्यातून निघायला हवीत. प्रत्यक्षात होते असे की व्हिडिओ महिनाभर चालतो, एडिट संपते, अपलोड करायच्या रात्री कुणीतरी म्हणते, 'अरे, पोस्टर राहिलं', आणि व्हिडिओतली एक फ्रेम थांबवून तिच्यावर सोनेरी अक्षरे टाकली जातात. त्या कव्हरचा गाण्याशी काही संबंध उरत नाही. कव्हरचा विचार आधी केला असता तर तेच विद्यार्थी कॅमेरा वेगळा लावते.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात आवरणाच्या आकाराने कलाकारांना नेहमीच कामाला लावले आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. ती बहुधा साध्या कागदी पाकिटात येई, मधोमध भोक, त्यातून लेबल दिसे. पुढे १२ इंची लाँग प्ले आली आणि चित्रकाराला जवळजवळ फूटभर चौरस जागा मिळाली. १९८०च्या दशकात कॅसेटने ती हिसकावून घेतली. तळहातापेक्षा लहान, उभट कागद, त्यात गायकाचा फोटो, गाण्यांची यादी आणि कंपनीचे नाव. पण भीमगीते, भारुडे, देवीची गाणी खेडोपाडी पोचली ती याच कागदात गुंडाळून. जत्रेत चादरीवर मांडलेल्या कॅसेटींमधून माणूस ती कागदावरच्या चेहऱ्यावरून ओळखून उचलत असे. आजचा चौकोन कॅसेटहून लहान आहे, म्हणून जत्रेतल्या त्या कागदाकडून आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे.

चित्राने कलाकृतीची ओळख द्यायची ही कला महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवली. १९२४च्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर भारतीय पोस्टरकलेच्या सुरुवातीचा नमुना म्हणून आजही दाखवले जाते. १९२९ साली स्थापन झालेल्या 'प्रभात' फिल्म कंपनीने तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे बोधचिन्ह घेतले आणि पडद्यावर ती दिसताच प्रेक्षक सावरून बसू लागला. मला मात्र विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त वेळ द्यावा असे वाटते ते कमल शेडगे यांच्या कामाला. नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींत त्यांनी नुसत्या नावाच्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव उभा केला. जागा दोन-तीन इंचांची, छपाई काळी-पांढरी, कागद वर्तमानपत्राचा. तरी एका नाटकाचे अक्षर दुसऱ्या नाटकाला लावता येणार नाही अशी त्यांची घडण असे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी तुम्ही अक्षरलेखन गिरवले असेल, तर या कलेचे दार तुमच्यासाठी अर्धे उघडलेलेच आहे.

आता व्हिडिओकडे. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ साली संगीत-व्हिडिओवर एक महत्त्वाचे पुस्तक लिहिले. गाणे आणि चित्र यांचे नाते तीन प्रकारचे असते, अशी त्याची मांडणी आहे. चित्र गाण्यातलेच दाखवते, गाण्यात भर घालते किंवा गाण्यापासून फारकत घेते. हे परीक्षेपुरते पाठ करण्यापेक्षा आपल्या मातीत लावून पाहू. समजा गाणे कापूस वेचणीचे आहे. पहिल्या वाटेने गेलात तर पऱ्हाटीत वाकलेल्या बाया, ओटीत भरत जाणारा कापूस, भरलेली गाडी दिसेल. दुसऱ्या वाटेने गेलात तर शब्दांत नसलेले काही येईल. खामगावच्या बाजारात भाव ऐकायला थांबलेला बाप येईल, किंवा जलंबहून खामगावला जाणारा, १८७० साली कापसासाठीच टाकलेला आगगाडीचा फाटा येईल. तिसऱ्या वाटेवर शेत दिसणारच नाही. पुण्यातल्या वसतिगृहाच्या खोलीत दोरीवर वाळणारा सुती ओढणीचा तुकडा आणि खाटेवर पाय जवळ घेऊन बसलेली मुलगी दिसेल, आवाज मात्र वेचणीचाच राहील. तिन्ही व्हिडिओ चांगले होऊ शकतात. पण पहिल्याच्या कव्हरवर ओटी येईल, दुसऱ्याच्या कव्हरवर रूळ, तिसऱ्याच्या कव्हरवर दोरी. कव्हरवर काय यावे हे ठरत नसेल, तर आपण तीनपैकी कोणत्या वाटेवर आहोत हे अजून ठरलेले नाही, असे खुशाल समजावे. म्हणूनच कव्हरचा कच्चा आराखडा चित्रीकरणाच्या आधी काढायला मी सांगतो.

तो आराखडा येतो ऐकण्यातून. गाणे लावा, कागद आडवा धरा, मिनिट-सेकंद मांडा आणि काय ऐकू येते ते लिहा. ध्रुवपद कुठे परतते, ढोलकी कुठे थांबते, गायिका श्वास कुठे घेते, कोरस कुठून शिरतो. मग मात्रा मोजा. मिनिटाला १०० मात्रांचे, चार मिनिटांचे गाणे म्हणजे ४०० मात्रा. केरवा असेल तर आठ मात्रांची ५० आवर्तने. प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, शॉट बदलला तर ५० शॉट होतात आणि पाहणारा दुसऱ्या मिनिटालाच थकतो, कारण पुढचा कट कधी येणार हे त्याला आधीच कळते. भजनी मंडळात मृदंग ऐकलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. सम कुठे आहे हे त्याला ठाऊक असते, ती कुठे लपवायची हेही ठाऊक असते. तोच कान एडिटिंगला लागतो. शेगावच्या पालखीसोबत चाललेली, बंजारा तांड्यावर होळीला लेंगी म्हणणारी, जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीते गाणारी मुले या विषयात भांडवल घेऊनच येतात. ते भांडवल अभ्यासाचे आहे असे त्यांना आजवर कुणी सांगितलेले नसते, एवढेच.

चित्रीकरणाचे एक तंत्र इथे जरा जवळून दाखवतो, कारण त्यात या विषयाची सगळी गंमत आहे. माणूस संथ चालतो आहे, ओढणी हळू उडते आहे, पण ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळतात, असा शॉट तुम्ही पाहिला असेल. तो करण्यासाठी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात आणि गाणारा त्याच वेगाने ओठ हलवतो. कॅमेरा सेकंदाला ५० चित्रे टिपतो. नंतर ती २५च्या गतीने चालवली की हालचाल निम्म्या वेगाची होते आणि ओठ मूळ गाण्यावर येऊन बसतात. चार मिनिटांचे गाणे शेतात दोन मिनिटांत संपते. जलद लावणीला हे जमत नाही, जीभच वळत नाही. संथ चालीला सुरेख जमते. फोनवर करणार असाल तर चित्रांची गती ॲपमधून कायम करून घ्या. बरेचसे फोन उजेडाप्रमाणे ती आपोआप कमी-जास्त करतात आणि मग गाण्याच्या शेवटी ओठ मागे पडतात. घरात ट्यूबलाइटखाली शूट करताना शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दुसऱ्या मापावर चित्र थरथरते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण असते, जी शहरात छापलेल्या पुस्तकांत सापडत नाही. तुम्ही रविवारी-रविवारी शूट करता आणि पीक तुमच्यासाठी थांबत नाही. ऑगस्टमध्ये हिरवेगार असलेले सोयाबीन सप्टेंबर सरता सरता पिवळे पडते, दसऱ्याच्या आसपास सोंगणी होते आणि जिथे नायिका चालत होती तिथे सुडी उभी राहते. शेताचे सगळे शॉट लागोपाठच्या दिवसांत उरका, नाहीतर हा बदलच गाण्याचा कणा करा. पहिल्या कडव्याला हिरवे, दुसऱ्याला पिवळे, शेवटी उघडी काळी माती. घाटावर आणि घाटाखाली उजेडही सारखा नसतो. एप्रिलमध्ये मलकापूर-नांदुऱ्याकडे सकाळी दहानंतर चेहऱ्यावर कडक सावल्या पडतात. थर्मोकोलचा एक पांढरा पत्रा जवळ असेल तर त्या बऱ्याच सौम्य होतात.

लोणारबद्दल एक आग्रह. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले हे विवर जगाला आपली ओळख आहे; जून २०२०मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्यांनी ते पाहिले. त्यामुळे प्रत्येक गाण्यात वरून दिसणारे लोणार यावेसे वाटते. गाण्याला गरज नसेल तर ते घेऊ नका. चेहरा विसरायला लावणारे ठिकाण गाण्याला झाकून टाकते. शिवाय तो परिसर अभयारण्य आहे, तिथे वन विभागाची परवानगी लागते, ड्रोनचे नियम वेगळेच आहेत. दैत्यसूदन मंदिर किंवा सिंदखेड राजाचा राजवाडा यांसारख्या संरक्षित वास्तूंत चित्रीकरण करायचे तर पुरातत्त्व खात्याला आधी लेखी विचारावे.

कव्हरच्या प्रकरणात तांत्रिक बाबी बऱ्याच आहेत. इथे तीनच सांगतो. पहिले, आकार. संगीताच्या ॲपसाठी कव्हर साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचे मागतात, पण लोक ते पाहतात सेंटिमीटरभर रुंदीत. म्हणून काम चालू असतानाच ते तेवढे लहान करून पाहा. नाव वाचता आले नाही तर अक्षर बदला. यूट्यूबचे थंबनेल १२८० बाय ७२०चे असते आणि त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर वेळेचा आकडा बसतो; तिथे कुणाचेही नाव ठेवू नका. दुसरे, देवनागरी. चित्रांच्या काही सॉफ्टवेअरमध्ये योग्य सेटिंग नसेल तर जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदी छपाईतल्या वळणापेक्षा वेगळे आहे, तेही टाइप निवडताना तपासा. 'मुक्त', 'बलू' यांसारखे मोफत वापराचे चांगले टाइप आज हाताशी आहेत. तिसरे, रंग. पडद्यावरचा झगझगीत गुलाबी फ्लेक्सवर मळका उतरतो. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे आधी हातभर तुकडा छापून घ्या आणि उन्हात धरून पाहा. त्याला रंगांची जाण आपल्यापेक्षा जास्त असते. त्याला विचारा, तो आनंदाने सांगतो.

हक्कांचा भाग कोरडा वाटतो, पण टाळू नका. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जात्यावरची ओवी सगळ्यांची असते, पण ती कुणी गाऊन, मुद्रित करून ठेवली असेल तर ते मुद्रण सगळ्यांचे नसते. तुमच्या आजीची ओवी तुम्हीच मुद्रित केलीत तर हा प्रश्न उरत नाही आणि आवाजही असा मिळतो जो कुठल्याच स्टुडिओत मिळणार नाही. आजीचे नाव श्रेयनामावलीत गायिका म्हणून, पूर्ण नावाने लिहा. शूटमध्ये दिसणाऱ्या माणसांची संमती घ्या. मूल असेल तर पालकांची लेखी.

मुंबई-पुणे लांब आहे, आपल्याकडे साधने नाहीत, असे अनेक विद्यार्थी म्हणतात. त्यांच्यासाठी दोन उदाहरणे. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट त्यांनी अहमदनगरला संज्ञापन शिकत असताना केलेला. त्याला पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि २०२४ साली ज्या 'गुलाबी साडी'ने देशभर फेर धरायला लावला, त्याचा गायक संजू राठोड आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातला. त्या गाण्याकडे अभ्यासक म्हणून पाहा. नावातच रंग आहे, तोच रंग चित्रफितीत नायिकेच्या अंगावर आहे. ऐकणे, पाहणे आणि नाव एकाच धाग्यात ओवलेले आहेत. गाणे आवडो न आवडो, ही बांधणी शिकण्यासारखी आहे.

पुस्तकाचा क्रम याच विचाराने लावला आहे. पहिली दोन प्रकरणे ऐकण्याची आहेत, तिसरे गाण्याची वाट निवडण्याचे आणि चौथे कव्हरचे. चित्रीकरण पाचव्यात येते, एडिटिंग सहाव्यात, परवानग्या आणि हक्क सातव्यात. पाचवे प्रकरण आधी उघडायचा मोह होईल. पण पहिल्या प्रकरणासाठी कागद, पेन्सिल आणि हेडफोन एवढेच लागते, आणि त्यात दिलेला तक्ता एका गाण्यासाठी पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये. गाणे शक्यतो घरातले किंवा गल्लीतले निवडा.