अण्णांचा खटक्याचा चाकू

दिवाळी आठ दिवसांवर आली, म्हणजे आमच्या घरी बाजारचा आकाशकंदील येत नाही, बांबू येतो. तो फोडायचा, त्याच्या कामट्या तासायच्या, आणि मग खळ, पतंगी कागद आणि दोरा यांचा पसारा ओटीभर मांडायचा, हा आमचा वडिलार्जित शिरस्ता. गेल्या वर्षी मी या कामासाठी मुलाच्या हाती माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, खटक्याचा चाकू दिला. मुलगा आता आठवीत आहे, त्याला स्वतःचे हत्यार हाताळू द्यावे, असा माझा त्यामागचा थोर विचार! दुसऱ्याच कामटीला पाते अडकले, त्याने ते सोडवण्यासाठी चाकू जरा उलटा रेटला, आणि पक्के उघडलेले ते पाते खटका न जुमानता मिटले. मधे त्याची तर्जनी होती.

चार टाके पडले. बोट वाचले, हे नशीब. घरी परत आल्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, तो चाकू आधी विहिरीत टाका." मी तो विहिरीत टाकला नाही. वडिलांची वस्तू टाकवेना, आणि दुसरे असे की, जी वस्तू चाळीस वर्षे अण्णांच्या हातात निमूटपणे राहिली ती माझ्या मुलाच्याच हातात का उलटली, याचा छडा लावल्यावाचून मला चैन पडेना. मी काही इतिहाससंशोधक नव्हे, आणि लोहारकामही मला येत नाही. पण मास्तरकीत एक खोड जडते. उत्तर चुकले की गणित कुठे चुकले ते मागे जाऊन पाहायचे. तसा मी मागे गेलो, तो थेट अडीच हजार वर्षे मागे गेलो!

मिटणारा चाकू ही आजकालची चीज असेल, असे मला वाटे. तसे मुळीच नाही. ऑस्ट्रियातील हालश्टाट या मिठाच्या खाणींच्या गावी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा, हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सापडला आहे. पुढे रोमन लोकही असे चाकू वापरीत. ज्याला घर सोडून हिंडायचे आहे त्याला धार हवी, पण ती धार कंबरेला बोचता कामा नये. या साध्या गरजेतून हे हत्यार जन्मले. या जुन्या चाकूंना ना कमान, ना खटका. एक खिळा, आणि त्या खिळ्याच्या आवळपणावर पाते तग धरून राही. खिळा सैल झाला की पाते डुलू लागे. म्हणजे आपल्या आजच्या तक्रारीचे वय या हत्याराइतकेच आहे.

आपल्याकडेही लहान चाकू लढाईपेक्षा लेखणीच्या सेवेत अधिक राबला. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बोरू लागे, आणि बोरूला घडोघडी टोक लागे. त्यासाठी जो लहान चाकू असे त्याला फारसीतून आलेले 'कलमतराश' असे भारदस्त नाव होते. तिकडे इंग्रजही पिसाच्या लेखणीला टोक काढीत. म्हणून त्यांच्या भाषेत खिशातल्या छोट्या चाकूला आजतागायत 'पेननाइफ' म्हणतात. पीस गेले, बोरू गेला. चाकूच्या नावात मात्र लेखणी राहिली.

खिळ्याच्या भरवशावर चाललेल्या या चाकूला कमान लाभली ती इंग्लंडातील शेफील्ड गावी, सतराव्या शतकात. शेफील्डचा लौकिक त्याहून जुना. चौदाव्या शतकात चॉसर कवीने आपल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचाच चाकू खोवून दिला आहे. १६२४ साली तिथल्या कारागिरांचा संघ पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. नद्यांच्या पाण्यावर चक्रे फिरत, त्या चक्रांवर दगडी सहाणा फिरत, आणि त्यांवर पाती घासली जात. त्या दगडांची आणि पोलादाची धूळ छातीत जाऊन घासणारे कामगार ऐन उमेदीत मरत, हेही सांगितले पाहिजे. आपल्या खिशातल्या चकचकीत पात्यामागे अशी खोकणारी माणसे उभी आहेत.

कमानीची युक्ती अशी. मुठीच्या पाठीला पोलादाची एक लवचीक पट्टी बसवायची. पात्याच्या बुडाशी ती दाबून राहते. उघडताना पाते तिला वर उचलते आणि पुरते उघडले की ती पुन्हा खाली बसते. पण त्यासाठी पट्टी लवून पुन्हा सरळ होणारी हवी, आणि तसे एकजीव पोलाद मिळणे दुर्घट. हा प्रश्न सोडवला तो एका घड्याळजीने! बेंजामिन हंट्समन हा डॉन्कास्टरचा घड्याळे करणारा गृहस्थ. घड्याळाच्या कमानी मनासारख्या होत नाहीत म्हणून तो चिडला, आणि १७४० नंतरच्या दशकात शेफील्डजवळ मातीच्या मुशीत पोलाद वितळवण्याची रीत त्याने सिद्ध केली. वेळ मोजणाऱ्या माणसाच्या हट्टाने चाकूवाल्यांचेही भाग्य उघडले.

परंतु इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कमान पात्याला थोपवते, पण बांधून ठेवत नाही. सरळ कापताना ती पुरते. उलटा जोर लागला की पाते मिटते. त्याला अडसर हवा, आणि आपण मराठीत ज्याला 'खटका' म्हणतो तो म्हणजे हा अडसर.

अडसराच्या बाबतीत स्पेन देशाचे नाव प्रथम घ्यावे लागते. तिथल्या 'नावाखा' नावाच्या मोठ्या मिटत्या चाकूला पाठीच्या पट्टीत एक भोक असते आणि पात्याच्या बुडाशी दाते असतात. उघडताना एकेक दाता भोकात अडकत जातो आणि कर्र-कर्र असा आवाज होतो. मिटवायचे तर पट्टी वर ओढावी लागते. त्या आवाजानेच समोरच्याचे पाणी पळे! अठराव्या शतकात तिथल्या राजांनी अशा हत्यारांवर बंदीचे हुकूम काढले, तरी आल्बासेते गावच्या कारागिरांनी ही विद्या टिकवली. आज तिथे चाकूंचे संग्रहालय आहे.

आपल्या देशात खटक्याचा चाकू म्हटला की ओठांवर नाव येते रामपूरचे. या रामपूरच्या जन्मकथेत मराठ्यांचाही दूरचा हात आहे. १७७२ साली मराठी फौजा रोहिलखंडात घुसल्या, तेव्हा भयभीत रोहिल्यांनी अयोध्येच्या नबाबाला मदतीबद्दल चाळीस लाख रुपये देण्याचे कबूल केले. ते पैसे थकले, त्यावरून १७७४ साली युद्ध झाले, रोहिल्यांचा पाडाव झाला, आणि उरलेल्या मुलखातून फैजुल्लाखानाचे रामपूर संस्थान उभे राहिले. १९४९ साली ते भारतात विलीन झाले. नाव मात्र चाकूने गाजत ठेवले. १९६५ सालच्या 'वक्त' चित्रपटात राजकुमारने हाती धरलेला चाकू ज्यांनी पाहिला, त्यांना खटक्याच्या चाकूचा दरारा मी काय सांगणार? हा दरारा शेवटी कारागिरांच्याच मुळावर आला. १९९० नंतरच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि एकेक दुकान मिटत गेले. आता त्याच रामपुरात २०२३ साली चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा भलाथोरला चाकू उभारला आहे.

पण मला सर्वांत भावली ती फ्रान्समधील सावॉय या डोंगराळ प्रांतातली हकीकत. १८९० साली जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलाने शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू केला: लाकडी मूठ, एक पाते, एक खिळा. त्याच्या लहानमोठ्या आकारांना त्याने १ ते १२ असे क्रमांक दिले. लाकूड ओलाव्याने फुगले की पाते आत रुतून बसे. तेव्हा तिथला शेतकरी मुठीचे बूड टेबलावर ठोकी, की पाते आपसूक डोके वर काढी! पण उघडलेले पाते मिटू नये याची तजवीज त्या चाकूत नव्हती. ती केली मार्सेल ओपिनेलने, १९५५ साली. मुठीच्या तोंडाशी एक फिरती कडी बसवली. ती फिरवली की पाते मिटण्याची वाटच बंद. म्हणजे चांगला, लोकप्रिय, हजारो खिशांत गेलेला चाकू, आणि त्याला बोट वाचवणारी कडी मिळायला पासष्ट वर्षे लागली. त्याच कडीने मिटलेले पातेही जखडण्याची सोय व्हायला २००० साल उजाडले.

अण्णांच्या चाकूचा खटका या सर्वांहून निराळा. पाठीवर लांब पट्टी, ती मधोमध खिळ्यावर तोललेली, लहान मुलांच्या सीसॉसारखी. तिच्या पुढच्या टोकाला दात. पाते उघडले की तो पात्याच्या बुडातील खाचेत पडतो. मागचे टोक दाबले की दात उचलला जातो. ही युक्तीही जुनी. पण अमेरिकेत १९६४ साली बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूने तिला घरोघर नेले. पुढे १९८० नंतर मायकेल वॉकर या कारागिराने मुठीच्या आतली पातळ पट्टीच बाजूला सरकून पात्याला टेकू देईल अशी रचना लोकप्रिय केली, आणि आता बाजारात तिचे राज्य आहे.

एवढे पांडित्य गोळा करून मी चाकू घेऊन आमच्या गावच्या लोहारमामांकडे गेलो. त्यांनी माझे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, आधी त्याला आंघोळ घाला."

त्यांनी पाते उघडले, बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवली आणि पात्याची पाठ लाकडी ठोकळ्यावर हलकेच दाबली. पाते मिटले. मग चाकू रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. सकाळी बांबूच्या काडीने खाच कोरली, तेव्हा आतून काळा, चिवट लगदा निघाला. चाळीस वर्षांचा आंब्याचा चीक, गूळ, खिशातले सूत आणि धूळ! चाकू पुसून त्यांनी तेलाचा एकच थेंब सोडला. "जास्त नको, तेलावर धूळ बसते." पाते उघडताच 'खट्' असा खणखणीत आवाज झाला. मला वाटले, संपले काम.

लोहारमामांना तसे वाटले नाही. त्यांनी पुन्हा पाठ दाबली. एकदा टिकले, दोनदा टिकले, तिसऱ्यांदा पाते निसटले. मग त्यांनी दिव्याचे काजळ दाताला फासले, पाते उघडून मिटवले आणि खाच मला दाखवली. काजळ खाचेच्या सबंध भिंतीला लागायला हवे होते. लागले होते फक्त काठाला. दाताचा कोपरा झिजून गोल झाला होता.

आता गणित सुटले. आधी खाचेत मळ साचला, म्हणून दात पुरता आत जाईना. दात अर्धाच बसला, म्हणून सगळा भार कोपऱ्यावर आला. कोपरा झिजला, आणि मग मळ काढूनही उपयोग उरला नाही. पहिल्याच वर्षी कुणी काडीने खाच साफ केली असती तर पुढचे काहीच घडले नसते. "कानस मारून सरळ करता येईल का?" मी विचारले. "कानस मारली तर दात आणखी आखूड होईल, फट वाढेल. नवी पट्टी करता येईल. पण तिला पाणी नीट बसलं नाही, तर दात मोडेल नाहीतर दबेल. पोराच्या हातात द्यायचा असेल तर मी करणार नाही, गुरुजी."

घरी येऊन हे सारे मी आईला सांगितले. ती वाती वळीत बसली होती. वातीवरून नजर न काढता म्हणाली, "तो एकदा यांच्याही बोटावर मिटला होता. म्हणून तर ते कुणाला हात लावू देत नसत."

मी स्तब्ध झालो. अण्णांच्या बोटावरचा तो पांढरा वण मला आठवला. तो विळ्याचा, असे त्यांनीच आम्हाला सांगितले होते. लहानपणी आम्ही भावंडे चाकू मागत असू, आणि "माझ्या चाकूला हात लावायचा नाही" असे ते दरडावीत. आम्ही मनात त्यांना कंजूष म्हणत होतो. त्यांना चाकूचा दोष ठाऊक होता. तो सांभाळून कसे कापायचे, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. त्यांनी आम्हाला चाकूपासून जपले, पण का जपतो ते सांगितले नाही. ते गेले, चाकू माझ्याकडे आला. दोष आला, शहाणपण मात्र त्यांच्याबरोबर गेले. आणि मी? देण्यापूर्वी एकदा ठोकळ्यावर दाबून पाहिले असते तर? पण बापाची वस्तू म्हटल्यावर ती तपासायची असते, हे माझ्या मनातच आले नाही.

या वर्षीही बांबू आला आहे. मुलगा कामट्या तासतो आहे, मुठीत घट्ट बसवलेल्या साध्या सुरीने. त्याच्या बोटावर वण आहे. तो कशाचा, हे तो कुणालाही खरे सांगतो. अण्णांचा चाकू कपाटात एका पत्र्याच्या डबीत ठेवला आहे, आणि डबीवर चिठ्ठी चिकटवली आहे. अक्षर मुलाचे आहे: "आजोबांचा चाकू. खटका धरत नाही. कापू नये."