इंजिनाचा ठोका आणि पेट्रोलचा अंक

फटफटीचा स्वार पेट्रोल-पंपावर येऊन उभा राहिला, की मोठ्या शहरांत तरी त्याच्यापुढे आज निवड असते. एक साधे पेट्रोल, आणि त्याच्या शेजारी अधिक दराचे, अधिक 'ऑक्टेन'चे. तरुण स्वार खिसा चाचपतो आणि पुष्कळदा महागाकडे वळतो. जे महाग ते जोरकस, ही आपली बाजारातली जुनी समजूत. वस्तुतः ऑक्टेनच्या अंकाचा जोराशी सरळ असा संबंध नाही. तो अंक एका आवाजाचा आहे. किंबहुना तो आवाज न होण्याचा आहे.

इंजिनाच्या सिलिंडरात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण शिरते. दट्ट्या वर येतो व ते दाबतो. मूळ जागेच्या सहाव्या हिश्श्यात दाबले, तर दाबाचे प्रमाण सहा. दहाव्या हिश्श्यात दाबले, तर दहा. दाब जितका अधिक, तितके त्याच पेट्रोलमधून काम अधिक. मात्र दाबाबरोबर उष्णताही वाढते. ठिणगी पडते, ज्योत एका कडेने पसरू लागते, आणि ती पोहोचण्यापूर्वीच दुसऱ्या कोपऱ्यातले मिश्रण आपल्या आपण पेटते. मग सिलिंडरावर कोणी आतून हातोडी मारावी तसा ठणठण ठोका ऐकू येतो. चढावर, ओझे घेऊन, गिअर न बदलता गाडी रेटणाऱ्याला हा आवाज चांगला ओळखीचा असतो. तो फार काळ चालू राहिला, तर दट्ट्याला भोकही पडते. हा ठोका न देता जे पेट्रोल जितका दाब सोसते, तितका त्याचा अंक मोठा.

ह्या ठोक्याचा दोष प्रथम पेट्रोलकडे नव्हे, ठिणगीकडे लावला जात असे. इंग्लंडात हॅरी रिकार्डो आणि अमेरिकेत चार्ल्स केटरिंग ह्यांनी हा प्रश्न नेटाने धरला. रिकार्डोचे नाव मोटारसायकलच्या इतिहासातही आहे. त्याने १९२१ च्या सुमारास ट्रायंफ कंपनीसाठी चार झडपांचे इंजीन रचले होते. केटरिंगने हे काम डेटन येथे टॉमस मिजली नावाच्या एका तरुण अभियंत्याकडे सोपविले. मिजली यंत्रशास्त्राचा माणूस. रसायन त्याचा विषय नव्हे. त्याची पहिली युक्ती ऐकली म्हणजे हसू येते. बर्फाखालूनच वसंतात लवकर फुलणारे एक रानफूल आहे. त्याच्या पानांची पाठ तांबडी असते. तांबडा रंग उष्णता लवकर शोषून घेत असेल, तर पेट्रोल तांबडे केल्यास ते लवकर वाफाळेल आणि ठोका थांबेल, असा ह्या मंडळींचा तर्क. १९१६ साली मिजली रंग शोधावयास गेला. तेलात विरघळणारा तांबडा रंग हाताशी नव्हता, म्हणून त्याने आयोडिन घातले. आणि ठोका खरोखर थांबला. पुढे खरे तांबडे रंग आणून पाहिले, तो ठोका जसाच्या तसा. तर्क सपशेल चुकला होता, पण पेट्रोलमध्ये काही कालवून ठोका थांबविता येतो, एवढी गोष्ट हाती लागली.

आयोडिन महाग, शिवाय धातू खाणारे. मग पाच वर्षे नाना पदार्थ घालून पाहण्यात गेली. त्यांत अल्कोहोलही होते, आणि ते उत्तम ठरले होते. ब्रुकलँड्सच्या शर्यतीतले मोटारसायकलस्वार तर अल्कोहोलमिश्रित इंधनावर भरवसा ठेवूनच दाब वाढवीत. अल्कोहोल मळीपासून होते, धान्यापासून होते, आणि शेतकऱ्याच्या दारात होते. परंतु ते पेट्रोलमध्ये दहा-वीस टक्के घालावे लागे. म्हणजे तेल कंपनीच्या विक्रीत तेवढा वाटा परक्याचा. ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजलीच्या प्रयोगशाळेत शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, तपासले गेले. गॅलनाला अवघे तीन घनसेंटिमीटर पुरे! पुढे ज्या कंपनीने हा व्यापार केला, तिने आपल्या मालाला नाव दिले 'एथिल'. शिसे हा शब्द नावातून गळला, आणि तो सहज गळला असे मला वाटत नाही. शिशाचे विष काही नव्याने कळावयाचे नव्हते.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे हे पेट्रोल विक्रीस आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग बनविणारे पाच कामगार भ्रम होऊन, हातपाय झाडीत मेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून दाखविले. तो स्वतःच आदल्या वर्षी शिशाच्या बाधेने आजारी पडून विश्रांतीला गेला होता. विक्री काही काळ थांबली, मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली, ॲलिस हॅमिल्टनसारख्या जाणत्या वैद्यांनी विरोध केला, आणि पुढल्याच वर्षी विक्री पुन्हा सुरू झाली. त्यानंतर जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, हे पेट्रोल बंद केले ते २०२१ साली. जवळजवळ शंभर वर्षे रस्त्याकडेच्या मुलांनी ते श्वासाबरोबर घेतले.

ऑक्टेनचा अंकही ह्याच खटपटीतून, १९२६ साली आला. ग्रॅहम एडगरने दोन द्रव्ये निवडली: ठोक्याला दाद न देणारे आयसो-ऑक्टेन, त्याला शंभर; आणि तत्काळ ठोका देणारे हेप्टेन, त्याला शून्य. ही दोन्ही ज्या प्रमाणात मिसळली असता पेट्रोलइतकाच ठोका मिळेल, त्यातील ऑक्टेनची टक्केवारी हाच त्या पेट्रोलचा अंक.

हा अंक यंत्राचा आकार कसा ठरवितो, हे आपल्या परिचयाच्या बुलेटवरून दिसते. महायुद्धात ब्रिटनमध्ये सर्व कंपन्यांचे पेट्रोल एकत्र करून विकले जाई. त्याचा अंक सत्तरीच्या आसपास, आणि ही व्यवस्था १९५३ पर्यंत टिकली. त्या काळातील गाड्यांना ह्याच पेट्रोलवर दिवस काढावयाचे होते. अतिवेगवान म्हणून गाजलेल्या व्हिन्सेंट रॅपीडचे दाबाचे प्रमाण सातच्या आतच होते. युद्धानंतरची बुलेटही त्याच पिढीची, साडेसहाची. तीच १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागली आणि आपल्याकडील हलक्या पेट्रोलवर विनातक्रार धावली. आजच्या साध्या फटफटीचे प्रमाण साडेनऊ-दहा असते, शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांचे बाराच्याही पुढे जाते.

अल्कोहोलचा विचार आपल्याकडे नवा नाही. स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच, १९४८ साली, इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट झाला. साखर कारखान्यांची मळी वाया जात होती, ती पेट्रोलमध्ये मिसळण्यास उपयोगी पडावी, हा हेतू. पुढे अल्कोहोल रसायनांच्या कारखान्यांकडे आणि दारूकडे वळले, पेट्रोल स्वस्त झाले, आणि कायदा कागदावर राहिला. तो रद्द झाला २००० साली. योगायोग असा, की त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. एका हाताने शिसे गेले, दुसऱ्या हाताने त्याचा जुना प्रतिस्पर्धीही पुस्तकातून पुसला गेला! परंतु पुढल्याच वर्षी तो परतला. इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली तीन ठिकाणी झाले, त्यांतली दोन महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. तिसरे बरेली. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के, २०२२ मध्ये देशभर सरासरी दहा, आणि २०२५ मध्ये वीस.

आता स्वाराचा हिशेब. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच उष्णता असते. तेव्हा दहा टक्क्यांवरून वीसवर जाताना लिटरमागे साडेतीन टक्के उष्णता घटते. साठ किलोमीटर देणारी गाडी अठ्ठावन्नाच्या आसपास येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही दुचाकींच्या बाबतीत तीन ते चार टक्के घट धरली होती. ह्याउलट इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन-अंक शंभराच्या वर असल्यामुळे वीस टक्के मिश्रणासाठी किमान पंच्याण्णव अंकाचे प्रमाणक ठरले आहे. म्हणजे साध्या फटफटीच्या मालकाने अंकासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही. घट सोसण्याजोगी आहे, असे माझे मत. पण ती पंपावर लिहून ठेवावी, इतका स्वाराचा हक्क खचित आहे. शिसे घालणाऱ्यांनी नावातूनच ते लपविले होते. आणि उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब मराठवाड्यातील माणसाला निराळा सांगावयास नको.

जुन्या गाडीच्या गोष्टी मात्र वेगळ्या. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनाला हे मिश्रण पातळ पडते, कारण इथेनॉल आपल्याबरोबर प्राणवायूही आणते. जाणता मिस्त्री मग एक माप मोठे जेट बसवितो. शिसे होते तेव्हा झडपेच्या बैठकीवर त्याचे पातळ अस्तर चढे. ते गेल्यावर कित्येक जुन्या इंजिनांना कठीण धातूच्या बैठका कराव्या लागल्या. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. ओल अति झाली, की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाला नेमके तेच प्रथम मिळते. कोकणात चार महिने गाडी पडवीत झाकून ठेवणाऱ्याने टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटर कोरडा करूनच ठेवावा. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांत ह्या मिश्रणाला टिकणारे रबर आहे, त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत ते नाही. सत्तर अंकाच्या पेट्रोलसाठी रचलेल्या बुलेटमध्ये पंच्याण्णव अंकाचे पेट्रोल पडले, तर केटरिंगने ज्याचा पाठलाग केला तो ठोका तिच्यात सहसा ऐकू यावयाचा नाही. तिच्या मालकाने दर पावसाळ्यापूर्वी पेट्रोलची नळी तेवढी बोटांनी दाबून पाहावी, आणि ती चिकट लागली तर बदलावी.